जवळा बंद करायचा का? बाजारातली मासळी आणि मायक्रोप्लास्टिक

डोंबिवलीहून एका ताईंचा प्रश्न आहे. घरात आठवड्यातून तीन-चार दिवस मासळी असते. बाजारातल्या माशांत मायक्रोप्लास्टिक सापडल्याची बातमी वाचल्यापासून घरात मतं फुटली आहेत. सासूबाई म्हणतात, जवळा आणि तिसऱ्या बंद करा. यजमान म्हणतात, यापुढे फक्त पापलेट आणि सुरमई आणू. मुलगी गरोदर आहे, तिला मासेच नको झालेत. धुऊन-शिजवून हे प्लास्टिक जातं का, तळ्यातले मासे बरे का, बाजारातली मासळी कुठे तपासून मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मासे बंद करू नका. मासळी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, माशांची पोटं फाडून त्यांतले प्लास्टिकचे कण मोजायचं कामही केलं, आणि आजही मी घरी मासे खातो. कुठले खायचे आणि कसे साफ करायचे यात मात्र थोडा बदल केला आहे. तुमच्या घरात सर्वांत बरोबर सासूबाई आहेत, फक्त त्यांनी सुनावलेली शिक्षा जरा जास्त आहे. यजमानांचा उपाय प्लास्टिकपुरता चालेल, पण तो दुसऱ्या बाजूने महागात पडतो. पैशांबद्दल म्हणत नाही. त्यावर पुढे येतोच.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण, तुकडा किंवा धागा. माशाने गिळलेलं असं प्लास्टिक बहुतांशी त्याच्या पोटात आणि आतड्यात राहतं, थोडं कल्ल्यांत अडकतं आणि बरंचसं विष्ठेवाटे बाहेरही पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केरळात खाण्यासाठी विकले जाणारे ९ जातींचे २७० मासे तपासले होते; ते काम २०२० साली प्रसिद्ध झालं. एरवी आपण टाकून देतो त्या भागांत सुमारे ४१ टक्के माशांमध्ये प्लास्टिक मिळालं. मांस आणि कातडी या खाण्याच्या भागात ते ७ टक्के माशांमध्ये मिळालं, आणि तेही सरासरीने चौदा-पंधरा माशांमागे एखादा कण. म्हणजे तुमच्या ताटात किती प्लास्टिक येणार हे मासा कुठल्या बंदरावरून आला यापेक्षा तो तुम्ही पोटासकट खाता की पोट काढून खाता यावर जास्त अवलंबून आहे.

आता आपल्याकडची मासळी घेऊ. पापलेट, हलवा, सुरमई, रावस, घोळ यांचं पोट निघतंच, त्यामुळे त्यांची काळजी नको. बांगडा आणि तारली घेताना मात्र कोळणीला घाई असते. ती डोकं उडवते, पोटाला एक चीर देते आणि पिशवीत टाकते. आतडं अर्धं आतच राहिलेलं असतं. घरी आणल्यावर पोट नीट उघडून, कण्याच्या कडेचं काळपट रक्त बोटाने खरवडून, नळाखाली धुऊन घ्या. मांदेलीचं साफ करणं कंटाळवाणं असतं हे मान्य, पण डोकं मोडताना ते खाली ओढून घेतलं की आतडं बरोबर येतं. फार बारीक मांदेली आणून ती तशीच तळायची सवय असेल तर जरा मोठी मांदेली घ्या. ओल्या बोंबलाचं डोकं आणि पोट काढून त्याला दाबून ठेवायची आपली रीत चांगलीच आहे.

कोळंबीची जठराची पिशवी डोक्यात असते आणि पाठीतला काळा दोरा म्हणजे तिचं आतडं. डोकं आणि दोरा काढला की बहुतेक काम झालं. डोक्यांचं सार किंवा कढण करणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल. मलाही ते आवडतं, आणि कधीतरी केलं तर बिघडत नाही. चिंबोरीचे कल्ले आपण काढतोच, तोंडामागची छोटी पिशवीही काढा.

राहिल्या त्या सगळ्या अख्ख्या खायच्या वस्तू: जवळा, तिसऱ्या, शिनाणे, कालवं. इथे सासूबाईंचा मुद्दा येतो. शिंपले एका तासात काही लिटर पाणी स्वतःतून गाळतात आणि त्या पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येतं. आपण त्यांना आतड्यासकट खातो. युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांवर आणि कालवांवर बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ साली काम प्रसिद्ध केलं. स्वच्छ पाण्यात तीन दिवस ठेवल्यावर शिंपल्यांतलं प्रमाण ग्रॅममागे ०.३६ कणांवरून ०.२४ वर आणि कालवांतलं ०.४७ वरून ०.३५ वर आलं. आपण वाळू सुटावी म्हणून तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो त्याने थोडंफार साधतं, पण सगळं जात नाही. पाणी दोन-तीनदा बदला आणि ज्या पाण्यात त्यांनी तोंड उघडलं ते पाणी शिजवण्यात घेऊ नका. मुंबईच्या आसपासच्या खाडीतले शिंपले मी स्वतः घेत नाही, पण त्याचं मुख्य कारण प्लास्टिक नाही, त्या पाण्यात मिसळणारं सांडपाणी आहे. तिथले जिवाणू आणि जड धातू यांचा धोका जास्त जवळचा आणि जास्त खात्रीचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मोकळ्या खाड्यांतले मिळाले तर खुशाल खा, आणि पावसाळ्याचे दिवस टाळा. पहिल्या पावसांत शहरातला सगळा कचरा नाल्यांतून खाडीत येतो. कोचीच्या किनाऱ्यावरच्या कोळंबीत वर्षभर नमुने घेतले तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कण जास्त मिळाले होते. आपल्याकडे १ जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते खरी, पण खाडीतलं शिंपले वेचणं चालूच राहतं.

सुक्या मासळीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. मलेशियात २०१७ साली ४ जातींच्या सुक्या माशांचं मांस आणि आतले अवयव वेगवेगळे तपासले गेले, आणि त्यांतल्या २ जातींत पोट काढलेल्या मांसातच अवयवांपेक्षा जास्त कण निघाले. त्यातली एक जात आपल्या ढोमीच्या कुळातली आहे. कारण बहुधा हे असावं. वाळताना मासा दिवसेंदिवस उघड्यावर असतो, हवेतली धूळ त्याच्या ओल्या अंगाला चिकटते आणि तिथेच सुकते. सुके बोंबील बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले असतात, त्यांना निदान खालून वारा मिळतो. जवळा जमिनीवर पसरतात, आणि त्याखाली आता जुनं नायलॉनचं जाळं किंवा निळी ताडपत्री असते. उन्हाने भुरभुरलेल्या ताडपत्रीचे तुकडे जवळ्यात सापडणं मला कधी नवलाचं वाटलं नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तेव्हा जवळा बंद करायची गरज नाही. तो चाळून घ्या, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, पाण्यात हलवून वरचं पाणी ओतून टाका, दोनदा. मग पिळून परता. चव थोडी उतरते, मीठही उतरतं, जे या वयात सासूबाईंसाठी बरंच आहे. सुके बोंबीलही भिजवून पोटाच्या बाजूने चिरून धुवा. सोडे घ्यायचे तर त्यांची डोकी आणि सालं आधीच गेलेली असतात.

आता बातम्यांतल्या आकड्यांबद्दल, कारण घाबरवतात ते आकडेच. एका बातमीत माशामागे अर्धा कण, दुसरीत माशामागे वीस कण. वाचणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या ठिकाणचा समुद्र चाळीस पट घाण. तसं नसतं. आम्ही माशाचं आतडं काढून ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ऊबेला ठेवतो. एक-दोन दिवसांत मांस, चरबी सगळं विरघळतं आणि बहुतेक प्लास्टिक उरतं. मग मिठाच्या संपृक्त पाण्यात ते तरंगवून गाळणीवर घेतात. त्या पाण्याची घनता १.२. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षाही हलकं, नायलॉन १.१४, ही सगळी वर येतात. पॉलिएस्टर आणि पीव्हीसी १.३८ च्या आसपास, ती खाली बसतात आणि मोजणीतून सुटतात. जड झिंक क्लोराइडचा द्राव वापरणाऱ्या प्रयोगशाळेला तीही मिळतात. गाळणीची छिद्रं किती बारीक, यावर आकडा पुन्हा बदलतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत तुकडे नि धागे मोजायचे, आणि तिथे खरी फसगत सुरू होते. निळा धागा पॉलिएस्टरचा, सुती जीन्सचा की रेयॉनचा, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी एफटीआयआर किंवा रामन या, प्रकाश टाकून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर एकेक कण घालावा लागतो. इंग्लिश खाडीतल्या ५०४ माशांच्या २०१३ सालच्या गाजलेल्या अभ्यासात ३६.५ टक्के माशांत कण मिळाले, पण यंत्रावर तपासल्यावर त्यांतले निम्म्याहून जास्त रेयॉन निघाले. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतं. कारखान्यातून आलेलं आहे, कचराच आहे, पण आपण ज्याला प्लास्टिक म्हणतो ते नाही.

त्यात आमची हवा. गाळणीशेजारी एक कोरी गाळणी उघडी ठेवतात; नमुना हाताळताना त्या कोऱ्या गाळणीवरही धागे येऊन पडतात आणि ते वजा करावे लागतात. म्हणून आम्ही सुती कोट घालतो आणि स्वेटर बाहेर काढून ठेवतो. कुठलाही अभ्यास समोर आला की मी आधी कोऱ्या गाळणीचा उल्लेख शोधतो. तो नसेल तर पुढचे आकडे वाचत नाही.

एक मोजणी मात्र विषय समजण्यासाठी चांगली आहे. इंडोनेशियातल्या मकासर आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या मासळीबाजारांतून मासे विकत घेऊन केलेला तो अभ्यास २०१५ साली आला. मकासरच्या २८ टक्के आणि कॅलिफोर्नियाच्या २५ टक्के माशांत मानवी कचरा मिळाला, म्हणजे जवळपास सारखंच. पण मकासरच्या माशांत होते प्लास्टिकचे तुकडे, आणि कॅलिफोर्नियाच्या माशांत बहुतेक धागे. एकीकडे पिशव्या-बाटल्या उघड्यावर पडून तुटतात, दुसरीकडे कचरा उचलला जातो पण कपडे धुतलेलं पाणी समुद्रात जातं. इंग्लंडमध्ये मोजलं होतं, ॲक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून सात लाखांवर धागे सुटतात. मुंबई या दोन्हींची मिळून झालेली आहे. इथल्या माशांत आणि कोळंबीत धागे जास्त मिळतात, त्यात कपड्यांचे असतात आणि जाळ्यांचेही. पूर्वीची सुती आणि तागाची जाळी गेली, आता डोल काय नि ट्रॉलची जाळी काय, सगळी नायलॉन आणि पॉलिथिलीनची. ट्रॉल तळाशी घासत ओढलं जातं, दोर झिजतात, तुटलेलं जाळं समुद्रातच राहतं. नायलॉन समुद्राच्या पाण्यापेक्षा जड म्हणून तळाला जातं, आणि कोळंबीसारखे तळाशी चरणारे जीव ते उचलतात. मच्छीमाराला शिव्या द्यायला हे सांगत नाही. त्याच्याकडे दुसरं परवडणारं जाळं नाही. आणि कधी कधी समुद्रात येणारं प्लास्टिक त्याच्या हातचं नसतंच: २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज कोचीजवळ बुडालं आणि त्यातले प्लास्टिकचे कच्चे दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. ते दाणे गोळा करत किनाऱ्यावरचेच लोक बसले होते.

या कणांनी आपल्याला काय होतं? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली जे मांडलं ते मी अजून धरून चालतो. १५० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही, शौचावाटे निघून जातो. त्याहून लहान कणांपैकी फार तर ०.३ टक्के शोषले जातील. आणि अवयवांत खोलवर पोचण्याइतके लहान म्हणजे १.५ मायक्रॉनच्या खालचे. गंमत अशी की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात ते बहुतेक शंभर मायक्रॉनच्या वरचे, म्हणजे बहुतांशी शरीरात न शिरणारेच. जे शिरू शकतात ते एफटीआयआरलाही पुरते दिसत नाहीत. त्यामुळे ‘माशात वीस कण’ या बातमीवरून घाबरणंही चुकीचं आणि ‘माशात एकच कण’ या बातमीवरून निर्धास्त होणंही चुकीचं. प्लास्टिकला चिकटून येणाऱ्या विषांचा हिशोबही त्याच प्राधिकरणाने केला होता. २२५ ग्रॅम शिंपल्यांचं एक जेवण धरलं तर त्यात वाईटात वाईट ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक येईल, आणि त्याने पीसीबी या रसायनाच्या रोजच्या प्रमाणात ०.००६ टक्क्यांपेक्षाही कमी भर पडेल. ते रसायन आपल्या एरवीच्या खाण्यातून कितीतरी जास्त येतं.

२०२४ च्या मार्चमधली इटलीची बातमीही तुम्ही वाचली असेल, मानेतल्या रक्तवाहिनीत आतून साचलेल्या चरबीच्या गाठीत प्लास्टिक सापडल्याची. तो अभ्यास गंभीर आहे. पाठपुरावा पूर्ण झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या गाठीत पॉलिथिलीन मिळालं आणि त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण साडेचार पट होतं. पण ते प्लास्टिक कुठून आलं हे त्या अभ्यासाने तपासलेलं नाही, आणि प्लास्टिकमुळेच ते झालं असंही लेखकांनी म्हटलेलं नाही. तो अभ्यास वाचून मी घरातले गरम डाळ-भाताचे प्लास्टिकचे डबे काढले. मासे काढले नाहीत.

कारण माशाचा वाटा लहान आहे. स्कॉटलंडमध्ये २०१८ साली एक मजेशीर तुलना झाली. ब्रिटनमध्ये शिंपल्यांतून माणशी वर्षाला सुमारे १२३ कण पोटात जातात, आणि त्याच जेवणांच्या वेळी घरातल्या धुळीतून ताटात पडणारे धागे वर्षाला १३ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत. आपल्या आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी त्याच वर्षी बाजारातल्या समुद्री मिठाच्या पाकिटांत मायक्रोप्लास्टिक दाखवलं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ धरून त्यांचा हिशोब वर्षाला ११७ मायक्रोग्रॅम इतका येतो. साधं वाळूतून गाळलं तर त्यातलं वजनाने ८५ टक्के काढता येतं, असंही त्यांनी दाखवलं. मासे सोडले आणि मीठ, बाटलीचं पाणी, घरातली पॉलिएस्टरची धूळ चालू ठेवली, तर ते छत्री उघडून पायाखालच्या डबक्यात उभं राहण्यासारखं आहे.

आता यजमानांच्या सुरमईकडे. प्लास्टिक पाऱ्यासारखं अन्नसाखळीत वर वर साठत जात नाही, कारण मासे ते बाहेर टाकतात. पारा मात्र मांसात साठतो आणि मोठ्या, जुन्या, शिकारी माशांत सर्वांत जास्त असतो. पोट काढून किंवा धुऊन तो जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या गरोदरपणी टाळायच्या यादीत शार्क म्हणजे आपली मुशी आहे, आणि आपल्या सुरमईचा तिकडचा मोठा भाऊबंदही आहे. तेव्हा घरात फक्त सुरमई आणायचं ठरवलं तर प्लास्टिकचे दोन-चार कण वाचवायला पारा वाढवून घ्याल. मुलीला मासे सोडायला सांगू नका. तेच प्रशासन गरोदर बाईला कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतं, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी. तारली, बांगडा, पापलेट, कोळंबी, पोट स्वच्छ काढलेले आणि पूर्ण शिजवलेले, हे तिला चालतील. तिच्या डॉक्टरांनी आणखी काही कारणाने मनाई केली असेल तर अर्थात त्यांचं ऐका. कच्च्या किंवा अर्धकच्च्या शिंपल्या तिला नकोतच.

तळ्यातले रोहू-कटला प्लास्टिकमुक्त असतात असा समज आहे, तो खरा नाही. नदी-धरणांतही प्लास्टिक आहे आणि मत्स्यखाद्यात वापरली जाणारी माशांची पूड बरीचशी समुद्रातल्या अख्ख्या माशांची असते. पण रोहूचं पोट निघतं, म्हणून तोही चालतो.

शिजवून प्लास्टिक जात नाही. धुऊन वरचं जातं, आतलं नाही. कापताना मात्र नवीन येऊ शकतं. संयुक्त अरब अमिरातीतल्या एका अभ्यासात दुकानात कापून घेतलेल्या माशांवर आणि कोंबडीवर प्लास्टिकच्या फळीचेच पॉलिथिलीन कण सापडले. आपल्या कोळणी लाकडी ओंडक्यावर कोयत्याने किंवा मोरळीवर कापतात, तिथे हा प्रश्न नाही. ज्या चकाचक दुकानात पांढऱ्या, खरवडून केसाळ झालेल्या प्लास्टिकच्या फळीवर सुरा चालतो, तिथून तुकडे घेतले तर घरी प्रत्येक तुकडा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, किंवा अख्खा मासा घेऊन या.

तपासणीचं विचारलंत. आपल्याकडे मासळीतल्या मायक्रोप्लास्टिकची कायदेशीर मर्यादा ठरलेली नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने मोजणीची एकसारखी पद्धत ठरवण्यासाठी २०२४ साली प्रकल्प हाती घेतला. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची तीच मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि बिट्स पिलानी त्यात आहेत. मर्यादाच नसताना ‘मायक्रोप्लास्टिक-मुक्त’ असा शिक्का मारून कुणी जादा दराने मासळी विकत असेल, तर त्या शिक्क्यामागे कुठलाही मापदंड नाही. एका माशाची तपासणी करून घेण्यात घरगुती माणसाने पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. आज आणलेल्या बांगड्याचा अहवाल उद्याच्या बांगड्याबद्दल काही सांगत नाही. तरीही सोसायटी म्हणून वर्गणी काढून कुठे नमुने द्यायचेच ठरवलंत, तर आधी कोरी गाळणी ठेवता का आणि कण एफटीआयआरवर तपासता का हे विचारा, एका जातीचे दोन-चार नाही तर निदान पंचवीस-तीस मासे द्या, आणि ते न चिरता, काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात बर्फात ठेवून पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलेला नमुना मी तरी परत पाठवत असे.